बुडाखालचा ठसा वाचला, तरी कुंभाराचं नाव चुकतं: कुठे आणि का

जुन्या सामानातून आणलेल्या स्टुडिओ पॉटरीबद्दल, म्हणजे एखाद्या कुंभाराने किंवा छोट्या कार्यशाळेने हाताने घडवलेल्या भांड्यांबद्दल, एकच तक्रार वारंवार ऐकू येते. चहाचा मग, वाडगा किंवा बरणी घेतली, बुडाखाली ठसा दिसला, तो वाचता आला, तसाच ठसा इंटरनेटवर सापडला आणि नाव ठरलं. महिन्याभराने तेच भांडं दुसऱ्या जाणकाराला दाखवलं, तर त्याने वेगळंच नाव सांगितलं. तिसऱ्याने तर ‘हा ठसाच नाही’ म्हणून ते परत केलं.

बहुतेक वेळा चूक वाचण्यात नसते, क्रमात असते. खूण कुणाची, हा प्रश्न आपण आधी विचारतो. खरं तर ती केव्हा उठली, हे आधी ठरवायला हवं: माती ओली असताना, सुकल्यावर, ग्लेझ (काचेसारखा लेप) चढवताना, की भट्टीतून निघून भांडं कुणाच्या तरी घरात पोचल्यावर? आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत जुनी आहे. पितळी पातेल्यावर किंवा स्टीलच्या डब्यावर कोरलेलं नाव मालकाचं असतं, नाहीतर आहेर करणाऱ्याचं. घडवणाऱ्या कारागिराचं ते जवळपास कधीच नसतं. चिनीमातीच्या भांड्यावर दोन्ही शक्यता असतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी ठसा उघडा करा

सांगली-मिरजेकडच्या मालात एक अडचण हमखास येते, ती पुराच्या गाळाची. २००५ आणि २०१९ च्या महापुरात बुडालेल्या घरांतली भांडी अजून बाजारात फिरतात. कृष्णेचा बारीक काळा गाळ ठशाच्या खाचेत बसून दगडासारखा घट्ट होतो. त्यामुळे ‘ई’ अक्षर ‘एफ’ दिसतं, ‘बी’चा ‘पी’ होतो. खाचेवर कोमट पाण्याचे दोन-चार थेंब टाकून वीस मिनिटं थांबा, मग बांबूची टूथपिक तिरकी धरून गाळ उचला. तो एका दमात निघत नाही, तीन-चार वेळा करावं लागतं. सुई, पिन, कर्कटक यांतलं काहीही वापरू नका. ग्लेझ नसलेल्या मातीवर लोखंड घासलं की करडी रेघ उमटते, आणि पुढच्या माणसाला ती रेघ अक्षराचाच भाग वाटते.

जत, आटपाडी, तासगाव, माण, खटाव या भागांतल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर ही दुसरी अडचण. त्यावर लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर चोळायचा मोह होतो. कमी तापमानाला भाजलेल्या भांड्याची झिलई आम्लाने मंद पडते, आणि ती शिशाची असेल तर शिसं सुटतं. थर टूथपिकनेच खरवडा. थोडा राहिला तर राहू दे. ब्लीचला तर हातच लावू नका, ते सच्छिद्र मातीत मुरतं आणि सुकल्यावर क्षार होऊन बाहेर येतं.

धुतलेलं भांडं सुकल्यावर बुडावर पुन्हा पांढरी बुरशीसारखी पावडर दिसली, तर ते मातीत मुरलेले क्षार आहेत. आरओच्या पाण्यात भिजत ठेवा, दर चोवीस तासांनी पाणी बदला, असं चार-पाच वेळा करा आणि नंतर आठ-दहा दिवस सावलीत वाळवा. जोडलेलं, कागदी लेबल असलेलं किंवा ग्लेझवर रंगकाम केलेलं भांडं मात्र भिजवू नका.

खूण केव्हा उठली

यासाठी घड्याळजी वापरतात ते दहापटीचं भिंग आणि एक साधी टॉर्च पुरते. खोलीत अंधार करा. टॉर्च बुडाच्या पातळीला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे उजेड दहा-पंधरा अंशांच्या कोनातून सरपटत येईल. मग टॉर्च तिथेच ठेवून भांडं हळूहळू पूर्ण फिरवा. एकाच दिशेच्या उजेडात त्या दिशेच्या रेषा दिसत नाहीत. अर्धं अक्षर गायब होण्याचं हे सगळ्यांत साधं कारण आहे.

ओलसर, चामड्यासारख्या कडक मातीत कोरलेली रेघ भिंगाखाली लगेच ओळखू येते. खाचेचा तळ गुळगुळीत असतो, आणि सरकलेल्या मातीची बारीक वळी दोन्ही कडांना उभी राहते. रेघ संपते तिथे वळीचा छोटा गोळा दिसतो. कुंभाराने वरून बोट फिरवलं असेल तर तो गोळा चपटा होतो. पूर्ण सुकलेल्या मातीत कोरलं, तर वळी उठत नाही. कडा भुगा झाल्यासारख्या खडबडीत राहतात आणि रेघ उथळ असते. या दोन्ही खुणा भाजण्याआधीच्या, म्हणजे भांडं कारखान्यात असतानाच्या. बहुधा त्या घडवणाऱ्याच्या असतात.

भाजून झाल्यावर कोरलेली खूण अगदी वेगळी दिसते. कडांना शिंपल्याच्या आकाराचे बारीक टवके उडालेले असतात, खाच खरखरीत असते आणि आजूबाजूपेक्षा फिकट दिसते. रेघ ग्लेझवरून गेली असेल, तर ग्लेझ मधोमध तुटलेली दिसते. ही खूण मालकाची, दुकानदाराची, लिलावाची, किंवा जत्रेत स्टॉलवरची भांडी मिसळू नयेत म्हणून केलेली असते. जुन्या वाड्यांतल्या बरण्यांवर खिळ्याने कोरलेली मोडी किंवा देवनागरी अक्षरं जवळपास सगळी याच जातीची. घराण्याच्या इतिहासासाठी ती मोलाची आहेत, पण कुंभार शोधायला त्यांचा उपयोग नाही.

दाबून उठवलेल्या ठशाची परीक्षा बोटाने होते. भांड्याच्या अंगावर ठसा असेल तर आतून त्याच जागी बोट फिरवा. ओल्या मातीवर शिक्का दाबताना कुंभार आतून बोटाचा आधार देतो. त्यामुळे तिथे हलका उंचवटा किंवा बोटाएवढी सपाटी लागते. ती लागली, तर ठसा घडवतानाचाच आहे.

ठसा ग्लेझने भरलेला असेल तर टॉर्च बंद करा. पृष्ठभाग जवळजवळ सपाट झालेला असतो, त्यामुळे सरपटत्या उजेडाचा उपयोग होत नाही. खिडकीच्या मऊ उजेडात फक्त रंग वाचा. सेलाडॉनसारखी पारदर्शक हिरवट ग्लेझ खाचेत जाड साचते, म्हणून अक्षर आजूबाजूपेक्षा गडद दिसतं. तेन्मोकूसारखी काळी लोहयुक्त ग्लेझ कडांवर पातळ होऊन तांबूस फुटते, म्हणजे अक्षराची तांबूस बाह्यरेषा मिळते. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा.

ग्लेझ नसलेल्या बुडावरच्या पुसट ठशासाठी पातळ ट्रेसिंग पेपर आणि ६बी पेन्सिल घ्या. कागद घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. त्याहून चांगली युक्ती स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलची: तुकडा ठशावर ठेवून खोडरबराने दाबा, मग फॉइलवर तिरका उजेड पाडा. फॉइल वरच्या बाजूनेच पाहा. उलटी करून पाहिली तर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसतात. मुलांच्या खेळण्यातली तेलकट माती दाबून साचा घेऊ नका, तिचं तेल सच्छिद्र बुडात कायमचं मुरतं.

जे ठसे नव्हेतच

तीन बारीक टोचे, साधारण त्रिकोणात, ग्लेझमध्ये रुतलेले: यांना अनेक जण ‘तीन ठिपक्यांचा मार्क’ म्हणतात. पूर्ण बुडावर ग्लेझ असलेलं भांडं भट्टीच्या फळीला चिकटू नये, म्हणून ते तीन टोकांच्या स्टिल्टवर ठेवतात. हे टोचे त्या स्टिल्टचे. मिठाच्या किंवा लाकडाच्या भट्टीत भांड्याखाली मातीच्या गोळ्या ठेवतात, त्यांचे तीन-चार फिकट गोल डाग उरतात. तेही ठसे नव्हेत. फिरत्या चाकावरून दोऱ्याने कापताना बुडावर शिंपल्यासारखी वलयं उठतात, आणि ग्लेझखाली ती कधी अक्षरासारखी वाटतात.

आकड्यांनी तर फार लोक फसले आहेत. ब्रशने लोहाच्या तपकिरी रंगात लिहिलेला ‘टी १४’सारखा मजकूर बहुधा ग्लेझच्या चाचणीचा क्रमांक असतो. बरणीवरचा एकटा आकडा बहुतेकदा मापाचा किंवा साच्याचा असतो. त्याला साल समजू नका. देवनागरी आकड्यांची आणखी एक गंमत आहे: १ हा रोमन ९ सारखा दिसतो, आणि ४ हा वरून उघड्या रोमन ८ सारखा. त्यामुळे ‘१४’ रोमन डोळ्याने पाहिलं की चक्क ‘९८’ वाचलं जातं.

मानचिन्हांचा घोळ सातारा-सांगलीत जास्त होतो, कारण हा मुलूख संस्थानांचा. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही संस्थानं १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. एखाद्या संस्थानाची किंवा हॉटेलची मुद्रा कपावर असेल, तर ती कप मागवणाऱ्याची. रेल्वेचंही तसंच. मिरजेवरून जाणारी लाइन एकेकाळी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची होती, आणि ती कंपनी १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत गेली. तिच्या नावाचा कप त्याआधीचा, एवढं पक्कं सांगता येतं. कुणी घडवला हे मात्र बुडाखालच्या छोट्या छापावरून शोधावं लागतं.

तो छाप ठिपक्याठिपक्यांचा, काटेकोर सारख्या रेषांचा असेल तर ट्रान्सफर (कागदावरून उतरवलेली छपाई), म्हणजे मोठ्या कारखान्याचा माल. महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांतून निघणारी बरीच क्रोकरी अशीच असते. तिच्यासाठी वेगळे आधार आहेत. इंग्रजी मालावर पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराचं नोंदणीचिन्ह असेल, तर डिझाइनची नोंद १८४२ ते १८८३ मधली. त्या चिन्हाऐवजी ‘आरडी नंबर’ (नोंदणी क्रमांक) असेल, तर १८८४ किंवा त्यानंतरची. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून नुसतं ‘इंग्लंड’ किंवा ‘निप्पॉन’ (जपान) लिहिलेला माल बहुधा त्यानंतरचा. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल, तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचा. स्टुडिओ पॉटरी शोधणाऱ्याने इथेच थांबावं, ते भांडं आपल्या यादीतलं नाही.

वाचताना होणाऱ्या चुका

बुडाला वर-खाली नसतं. ठसा कुठल्या बाजूने वाचायचा हे भांडं सांगत नाही, म्हणून चारही बाजूंनी वाचून चारही वाचनं लिहून काढा. ‘एम-एच’ उलटा धरला की ‘एच-डब्ल्यू’ होतो, ‘एन-एस’चा ‘एस-एन’ होतो, आणि दोन्ही तितकेच पटण्यासारखे वाटतात. ठसा अंगावर, पायाजवळ (बुडाखालच्या गोल कडेजवळ) किंवा कानाच्या बुंध्याशी असेल तर काम सोपं, कारण तिथे भांडं सरळ उभं ठेवून वाचायचं असतं.

त्यानंतर आरसा. स्वतः शिक्का कोरणारे नवखे कुंभार अक्षर उलटं कोरायला विसरतात, मग मातीत ते आरशातलं उमटतं. देवनागरीत शिरोरेषा बहुधा वगळतात, कारण लहान शिक्क्यात ती चिरते. शिरोरेषा नसलेला ‘प’ किंवा ‘ग’ रोमन डोळ्याला वेगळंच काही वाटतो. बेळगाव आणि त्या जिल्ह्यातलं खानापूर सांगली-मिरजेहून जवळ असल्यामुळे कन्नड अक्षराची शक्यताही धरा. खानापूरला खादी-ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण पॉटरी प्रशिक्षणाची संस्था आहे, त्यामुळे त्या बाजूचा माल इकडे येणं अगदी साहजिक आहे.

कारखान्याचा ठसा म्हणजे माणसाची सही नव्हे

एवढं सगळं नीट करूनही नाव चुकतं ते इथे. इंग्लंडमधल्या सेंट आइव्हज गावात इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हमादा यांनी १९२० मध्ये पॉटरी सुरू केली. तिचा ठसा म्हणजे एकमेकांत गुंफलेले ‘एस’ आणि ‘आय’ व बाजूला दोन ठिपके. हा ठसा दिसला की लोक ‘लीच’ म्हणून मोकळे होतात. पण तिथल्या रोजच्या वापराच्या मालावर, ज्याला स्टँडर्ड वेअर म्हणत, बहुधा एवढा एकच ठसा असे, आणि तो माल तिथले कारागीर व शिकाऊ कुंभार घडवत. स्वतः लीच यांच्या भांड्यावर कारखान्याच्या ठशाशेजारी त्यांच्या ‘बी-एल’ आद्याक्षरांची वेगळी खूण अपेक्षित असते. एकच ठसा असेल तर ‘सेंट आइव्हज पॉटरी’ इतकंच लिहावं, पुढे जाऊ नये.

उलटही घडतं. इंग्रज कुंभार मायकेल कार्ड्यू यांनी १९२६ मध्ये इंग्लंडमधल्या विंचकंब इथे, नंतर वेनफर्ड ब्रिजला आणि १९५० च्या दशकात नायजेरियातल्या अबुजाला काम केलं. माणूस एक, कारखाने तीन. अशा वेळी ‘एम-सी’ने माणूस कळतो, आणि शेजारच्या ठशावरून जागा व काळ.

आपल्याकडे हाच नियम लावायचा. गुरचरणसिंगांनी १९५२ मध्ये दिल्ली ब्लू पॉटरी उभी केली, पुढे हिमाचलातल्या अंद्रेट्याला काम चाललं. पाँडिचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, आणि तिथे शिकलेले कुंभार देशभर पसरले. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघात १९५५ पासून मातीकाम चालत आलं आहे. अशा प्रत्येक ठिकाणी गुरू, पगारी कारागीर आणि विद्यार्थी एकाच भट्टीत भाजतात, तीच माती आणि तीच ग्लेझ वापरतात. म्हणून ‘ग्लेझ तिथलीच आहे’ एवढ्यावरून गुरूचं नाव लावणं चूक. संस्थेचं नाव लावा, तेही संस्थेचा ठसा असेल तरच.

‘ब्लू पॉटरी’ या शब्दानेही गोंधळ होतो. जयपूरची ब्लू पॉटरी मुळात चिकणमातीची नसतेच. क्वार्ट्झची भुकटी, काचेची पूड, मुलतानी माती आणि डिंक यांचं ते मिश्रण, कमी तापमानाला भाजलेलं. टवका उडालेल्या जागी ते पांढरं आणि साखरेसारखं रवाळ दिसतं. स्टोनवेअरचा, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेल्या मातीचा, टवका घट्ट आणि दगडासारखा.

ठशाला साक्षीदार शोधा

ठसा जुळला, तरी माती आणि पाय जुळले पाहिजेत. बुडाच्या ग्लेझ नसलेल्या, स्वच्छ, कोरड्या जागेवर पाण्याचा एक थेंब ठेवा. अर्धनवेअर, म्हणजे कमी तापमानाला भाजलेली माती, असेल तर थेंब काही सेकंदांत शोषला जातो. १२०० ते १३०० अंशांना भाजलेल्या स्टोनवेअरवर तो काही मिनिटं तसाच बसून राहतो. बुडाला मेण, पॉलिश किंवा जुनं तेल लागलेलं असेल तर ही चाचणी खोटं सांगते. अशा वेळी पायाची दुसरी जागा बघा. पोर्सिलेनची शंका असेल तर आतून टॉर्च लावा, पातळ भागातून उजेड झिरपतो. टिचकी मारून आवाजही ऐका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर असू शकते, पण कमी तापमानाचं भांडं चीर नसतानाही बद्द वाजतं.

आता मापाचा मुद्दा, ज्याच्यावरून सगळ्यांत जास्त वाद होतात. ‘पुस्तकातला ठसा बारा मिलिमीटर, माझा अकरा, म्हणजे नकली’ असं लोक म्हणतात. ओली माती सुकून, भाजून स्टोनवेअर होईपर्यंत साधारण १० ते १३ टक्के आटते. कमी तापमानाची माती त्याहून कमी आटते. म्हणजे एकाच शिक्क्याचे ठसे दोन मातींत मिलिमीटरभराने वेगळे येऊ शकतात. नुसतं माप जुळवू नका, प्रमाण जुळवा: अक्षराची उंची भागिले रुंदी, चौकटीपासूनचं अंतर, आणि शिक्क्यातलाच एखादा दोष, म्हणजे तुटका कोपरा किंवा वाकडी रेघ. दोष जुळला तर तो शंभर अक्षरांएवढा पुरावा.

हाच आटण्याचा गुण नकली ठसा पकडायलाही उपयोगी पडतो. खऱ्या भाजलेल्या भांड्यावरून साचा घेऊन नकली शिक्का केला, तर तो आधीच आटलेला असतो, आणि नव्या मातीत पुन्हा आटतो. प्रमाण तंतोतंत, पण त्याच प्रकारच्या मातीत आकार दहा-बारा टक्क्यांनी लहान आणि कडा बोथट, असं दिसलं तर पैसे देऊ नका. नंतर रंगवलेली सही असेल, तर नेलपॉलिश रिमूव्हर कापसाच्या काडीवर घेऊन रेघेच्या अगदी टोकाला, टाचणीच्या डोक्याएवढ्या जागी टेकवा. भट्टीत पक्का झालेला रंग हलत नाही. मार्कर किंवा एनॅमल रंग लगेच कापसावर उतरतो. पायाची कडा ग्राइंडरने घासून सपाट केलेली असेल, एकाच दिशेच्या ताज्या समांतर ओरखड्यांसह, तर टवका लपवलेला असतो किंवा मूळ ठसा उडवलेला असतो.

झाकणाची भांडी दोनदा तपासा. किटलीचं झाकण फुटलं की दुसरीचं बसवतात, हे घरोघरी चालतं. झाकणाच्या आतल्या कडेवर वेगळी खूण, किंवा ग्लेझच्या रंगात थोडा फरक दिसला, तर दोन्हींची नोंद वेगळी ठेवा.

दुसऱ्याला विचारताना

एक ठशाचा क्लोजअप पाठवून ‘कुणाचं?’ विचारलं की चुकीचंच उत्तर येणार. भांड्याची पूर्ण बाजू, वरून आतला भाग, पूर्ण बूड, आणि ठसा डावीकडून व उजवीकडून उजेड टाकून, असे पाच फोटो हवेत. शेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवा. नाणं ठेवू नका, एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या व्यासाची निघाली आहेत. उंची, तोंडाचा व्यास, पायाचा व्यास, वजन आणि थेंब किती वेळ टिकला, हे लिहा. स्वतःचा अंदाज आधी सांगू नका, समोरचा त्याच दिशेने वाचू लागतो.

मिळालेल्या उत्तराचा दर्जाही नोंदवा. ठसा, माती आणि पाय तिन्ही जुळले तर कुंभाराचं नाव. नुसता ठसा जुळला तर ‘अमुक ठसा असलेलं’. नुसता घाट जुळला तर ‘अमुक पद्धतीचं’. विकत घेताना पहिल्याच दर्जाला नावाची किंमत द्यावी. बाकीच्यांना भांडं म्हणून जे वाटेल ते.

ठसाच नसेल तर निराश होऊ नका आणि फार आशाही धरू नका. जपानला परतल्यावर हमादांनी भांड्यांवर सही करणं जवळजवळ सोडून दिलं होतं. सही असे ती लाकडी पेटीवर, आणि पेटी हरवली की भांडं मुकं होतं. पण तालुक्याच्या गावातल्या कुंभाराचं भांडंही असंच मुकं असतं. ठसा नाही, याचा अर्थ इतकाच की ठसा नाही.

नोंदीचा कागद पेन्सिलीने लिहून भांड्याच्या आत टाका. बुडाला सेलोटेपने चिकटवू नका, त्याचा गोंद पिवळा पडून मातीत उतरतो आणि पुढच्या वेळी थेंबाची चाचणी फसते. आणि ग्लेझ कशाची आहे हे कळेपर्यंत कमी तापमानाच्या, थेंब शोषणाऱ्या भांड्यात लोणचं, चिंचेचा कोळ किंवा ताक ठेवू नका.